शेड नंबर दोनची बाई

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळी अकरा. स्थळ: आमच्या महिला मंडळाचं सभागृह, ब्राह्मणपारा, रायपूर. उपस्थिती: सुलभाताई, अध्यक्ष, निवृत्त चित्रकला शिक्षिका, नंदाताई, उपाध्यक्ष, प्रज्ञा, वय बावीस, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत देते, आणि मी, सचिव. विषय: मार्चमधलं चित्रप्रदर्शन, 'स्त्री: काल आणि आज'.

माझ्या वहीत ही नोंद अशीच आहे आणि ती चुकीची आहे. त्या दिवशी खोलीत पाच जणी होत्या. पाचव्या दाराजवळच्या भिंतीशी उभ्या होत्या. अंगठा भिंतीवर घासायचा आणि अंगठ्याकडे बघायचं, असं त्यांचं चाललं होतं.

"आधी भित पाहू द्या मले," त्या म्हणाल्या. "मंग तुमचं चालू द्या."

कुठेही गेल्या तरी पाट्या रंगवणाऱ्या या काकूंचं पहिलं काम हेच. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा बसायच्या आधी त्यांनी हॉलच्या भिंतीवरून अंगठा फिरवला आणि रंगाऱ्याने प्रायमर मारलेला नाही, हे मला सांगितलं. मी रंगाऱ्याला फोन केला. नव्हता मारला.

तर माझ्या वहीत प्रदर्शनासाठी दोन पानं होती. एकावर 'कलाकार'. दुसऱ्यावर 'कामं', म्हणजे खुर्च्या, माइक, चहा, बाहेरचा फलक. काकू दुसऱ्या पानावर होत्या, माइकवाल्याच्या खाली, कारण फलक त्यांच्याकडून लिहून घ्यायचा होता. चहाही मी चारच सांगितला होता. ट्रे आला तेव्हा काकूंनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास काढला, प्रज्ञाच्या कपातला अर्धा चहा त्यात ओतून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अजूनबी तशाच याद्या करून राहिली का वं तू?"

त्यातलं 'अजून' मला लागलं. का लागलं ते सांगते.

मी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. स्पंज आयर्नचा कारखाना आहे. नाव सांगत नाही, मी अजून तिथेच नोकरीला आहे. दरवर्षी मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह येतो आणि त्याआधी सगळे फलक नव्याने रंगवावे लागतात, कारण वर्षभरात काळी धूळ त्यावर बसून अक्षरं दिसेनाशी होतात. ते काम आधी काकूंचे यजमान करायचे. मग त्यांचा हात थरथरायला लागला. हे कोणाला कळलं नाही, कारण शिडीवर काकू चढायच्या आणि काका खाली ब्रश हातात धरून बसायचे. सुपरवायझर काकांशी बोलायचे. काका "होते, संध्याकाळपर्यंत होते" म्हणायचे. वरून काकू काहीच बोलायच्या नाहीत. त्या तोंडात दुसरा ब्रश धरायच्या, त्यामुळे ते सोयीचं होतं.

काका गेले. महिनाभराने काकू रंगाची पेटी घेऊन गेटवर आल्या. सुपरवायझर हळहळला. असं अक्षर आता रायपुरात कोणी काढणार नाही, असं म्हणाला. काकूंनी त्याला मागे वळून बघायला सांगितलं. मागे गेटवरची ओळ होती. दोन वर्षांपासून मीच लिहून राहिली, त्या म्हणाल्या, आणि शिडी मागितली.

दिसायला बारीक, साठीच्या पुढच्या. साडीवर काकांचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. गेटवर भेटेल त्याला "जय भीम". समोरचा "राम राम" म्हणो, "जय जोहार" म्हणो, की नुसतं हं करो, त्यांचं ठरलेलं. ब्रश गोल बाजारातल्या एकाच दुकानातून घ्यायच्या. तिथल्या नव्या मुनीमाने एकदा त्यांना विचारलं, "भाभी, दिवाळी का रंग चाहिए?" काकूंनी काउंटरवरच्या धुळीत बोटाने त्याच्या दुकानाचं नाव लिहून दाखवलं. दुकानाच्या पाटीवर होतं अगदी तसंच. पाटी त्यांचीच होती.

आता त्या मार्चची गोष्ट. फलकांवर माणसाचं चित्र असतं, हेल्मेट घातलेलं, बूट घातलेलं. ते दरवेळी नव्याने काढत नाहीत. जाड कागदावर आकृती आखून तिच्या रेषेवरून सुईने टोचत जातात, कागद पत्र्यावर धरून गेरूची पोटली फिरवतात, की खाली ठिपक्यांत आकृती उमटते. त्याला खाका म्हणतात. काकांच्या वेळचा खाका फाटला होता. नवा करायचा तर काकूंना कोणाला तरी आखायचं होतं. माझ्या स्टोअरची फरशी स्वच्छ असते, म्हणून त्या जेवणाच्या सुट्टीत तिथे आल्या. सोबत शेड नंबर दोनच्या सहा-सात रेजा होत्या. शेड दोनमध्ये कोळसा चाळतात आणि झाडतात. ते काम बायकाच करतात, तिथे रेजा म्हणतात त्यांना.

मी म्हटलं, काकू, पुरुष पाहिजे ना आखायला. त्या म्हणाल्या, दोन नंबरच्या शेडचा फलक हाये, दोन नंबरमध्ये जे काम करते तेच येईल ना त्यावर.

सुखमती नावाची एक जण सगळ्यांत धिप्पाड होती, तिला कागदावर निजायला सांगितलं. ती निजेना. मेलेल्याला निजवतात तसं वाटतं, म्हणाली. बाकीच्या हसायला लागल्या. काकूंनी समजूत काढली तेव्हा निजली, पण खडू अंगाजवळ आला तशी तिने हात वर करून थांबवलं, "रहन दे दाई." म्हणजे राहू दे आई.

"तसाच ठेव," काकू म्हणाल्या. "हात खाली नको घेऊ."

तो फलक तुम्ही पाहायला हवा होता. सहा बाय तीनचा पत्रा. त्यावर पुरी बाई उभी. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात काळे बूट, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, उजवा हात समोर करून येणाऱ्याला थांबवते आहे. खाली 'रुकिए, पहले सुरक्षा'. चेहरा सुंदर वगैरे नव्हता. रुंद जबडा, बसकं नाक. गेट नंबर दोनला फलक लागला आणि सुट्टीत सगळ्या जणी बघायला आल्या. सुखमती बराच वेळ स्वतःकडे बघत उभी राहिली. मग तिने फलकातले पाय बघितले, मग स्वतःचे. स्वतःच्या पायात रबरी चप्पल होती, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.

"हमर जूता कहाँ हे?" तिने काकूंना विचारलं.

काकूंनी सांगितलं की मी रंगाचं काम करतो, बुटाचं काम त्या मॅडमकडे हाये, आणि ब्रशने माझ्या खिडकीकडे दाखवलं. (आमच्या नागपूरकडच्या बायकाही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. माझ्या पुण्याच्या नणंदेला याचं अजून हसू येतं.)

तीन वाजेपर्यंत माझ्या खिडकीशी अठरा जणी उभ्या होत्या. मी माझी यादी काढली. हेल्मेट, बूट, हातमोजे, कोणाला कधी दिले, सगळं त्यात असतं. मला तिचा अभिमान आहे. अठरांतलं एकही नाव तिच्यात नव्हतं. या बायका ठेकेदाराकडून यायच्या आणि ठेकेदाराच्या कागदांत शेड दोनमध्ये फक्त पुरुष होते. कागदावर तिथे बाई नव्हतीच, त्यामुळे तिला बूटही नव्हते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. रोज खिडकीतून दिसत होत्या. यादीत नव्हत्या, म्हणून मी कधी विचार केला नाही.

मी खिडकीतून सांगितलं, तुमची नावं माझ्याकडे नाहीत.

मागे शिडी घडी करत काकू उभ्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "नाव नाही, त मंग मी आखलं कोणाले?"

मी यादी पुन्हा पहिल्या पानापासून वाचत गेले.

कारखान्याच्या साहेबांना उत्तर लगेच सापडलं. पुढच्या आठवड्यात तपासणी होती आणि गेटवरच बाई उभी म्हणजे आत बायका आहेत हे लिहून दिल्यासारखं. त्यांनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं. मी स्टॉकचा कागद घेऊन तिथे होते. ते गोडीने म्हणाले, "दीदी, इसको आदमी बना दो. मूँछ लगा दो, काम हो जाएगा."

"मूँछ तो आपकी भी नहीं है साहब," काकू म्हणाल्या. "आपको भी हटा दें क्या?"

मी कागदात डोकं घातलं. साहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं, गोडी कमी करून. तेव्हा काकू मराठीवर आल्या. मी लिहितो, पुसत नाही, एवढंच बोलल्या आणि निघाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. दुसऱ्याच्या पाटीवर रंग फिरवून त्यावर नवी पाटी लिहायची कामं त्यांनी कधी घेतली नाहीत. पण इतकं महाग ते त्यांना आधी पडलं नव्हतं. आमच्या कारखान्याचं काम त्या दिवशी सुटलं. बाहेरून आलेल्या एका पेंटरने नव्या पत्र्यावर मिशीवाला माणूस काढला. काकूंचा फलक माझ्या स्टोअरमध्ये आला, तोंड भिंतीकडे करून. मी नोंद केली: पत्रा, एक नग.

म्हणून वर्षभराने प्रदर्शनाचा फलक मी काकूंना सांगितला होता. मला वाटलं, तेवढी भरपाई. आणि या वेळी त्यांनाच चुकीच्या पानावर लिहिलं.

त्या रविवारी सुलभाताईंनी काकूंना समजावून सांगितलं की फलकावर एका स्त्रीचा चेहरा हवा. अर्धा पारंपरिक, कुंकू, नथ. अर्धा आधुनिक, चष्मा, मागे कॉम्प्युटर. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ही करते काय? सुलभाताई म्हणाल्या, ती प्रतीक आहे. काकूंनी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञाने "सिंबल, आंटी" असं भाषांतर करून दिलं. त्याने काही फरक पडला नाही.

"लिहून देतो फलक," काकू म्हणाल्या. "पण माही बाई आत लावा. वर्षभर झालं, भितीकडं तोंड करून उभी हाये ते."

मग मला ती सगळी गोष्ट मंडळासमोर सांगावी लागली, आत्ता तुम्हाला सांगितली तशीच. सुलभाताईंनी ऐकली. त्यांच्यावर मी अन्याय करणार नाही. तीस वर्षं त्यांनी मुलींना चित्रकला शिकवली आणि हुशारातल्या हुशार मुली लग्न होताच ब्रश खाली ठेवताना पाहिल्या. हे प्रदर्शन त्यांनी त्यांच्यासाठी मागितलं होतं. त्या म्हणाल्या, मला वाईट वाटतं, पण हा फलक आहे, चित्र नाही. उद्या कोणी किराणा दुकानाची पाटी आणेल. नंदाताईंनी सभागृहाच्या शोभेचा मुद्दा काढला.

प्रज्ञा म्हणाली, "आंटी, बाकी पेंटिंग में औरतें सोच रही हैं. ये वाली काम कर रही है."

आलेल्या तेवीस चित्रांची यादी माझ्यापुढे होती. मला सवयच आहे, मी मोजलं. खिडकीत उभी स्त्री अकरा. दहा हातांची चार. पक्षी उडवणारी तीन. आरशात पाहणारी दोन. उरलेल्या तिघी आई. तेवीसपैकी पायात काही घातलेली एकही नव्हती. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, माझं मत फलकाला. नऊ वर्षांत सचिवाने पहिल्यांदा मत दिलं होतं. दोन विरुद्ध दोन झाले. काकूंनी मधल्या वेळात जागाही शोधून ठेवली होती. सुलभाताई म्हणाल्या, बरं, पण कोपऱ्यात. दाराजवळ.

वहीत मी काकूंचं नाव खोडून 'कलाकार' पानावर न्यायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. दोन्ही पानांवर राहू दे, म्हणाल्या.

पत्रा कारखान्यातून बाहेर काढायला गेट पास लागतो, परत आणायच्या अटीवर. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: दुरुस्ती. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच खोटं लिहिलं आहे, आणि विचार केला तर तेही फार खोटं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मुख्य पाहुणे नारीशक्तीवर पाऊण तास बोलले. काकू मागच्या रांगेत काकांचा शर्ट घालूनच बसल्या होत्या, धुतलेला. भाषण संपल्यावर पाहुण्यांनी प्रत्येक कलाकाराला प्रेरणा कोणती ते विचारलं. काकू म्हणाल्या, "शेड नंबर दोन." पाहुण्यांनी मान डोलवली. त्यांना ते एखाद्या कवितासंग्रहाचं नाव वाटलं असावं.

दुपारी दोन ऑटो भरून शेड नंबर दोनच आली. चपला दाराबाहेर काढून, चांगल्या साड्या नेसून. आधी सगळी चित्रं पाहिली, कुठल्याही समीक्षकाने पाहिली नसतील इतक्या सावकाश. दहा हातांच्या बाईपुढे एकीने विचारलं की हिला दहा हाताचा रोज मिळतो का. मग कोपऱ्यात आल्या. सुखमती फलकाला पाठ लावून उभी राहिली आणि तिने हात तसाच वर केला. कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. लोक जमले, फोन निघाले, आणि थोड्या वेळाने फोन खाली गेले. समोरून एवढ्या जणी सरळ बघत असल्या की फोटो काढणं अवघड होतं.

एका डॉक्टरांना फलक त्यांच्या दवाखान्याच्या हॉलसाठी हवा होता. काय घ्याल ते सांगा, म्हणाले. सुलभाताईंचा चेहरा खुलला, कारण तोवर काहीच विकलं गेलं नव्हतं. काकूंनी डॉक्टरांना विचारलं, तुमच्या हॉलात वरून काय पडते? डॉक्टर गोंधळले. काही नाही, म्हणाले.

"मंग तिथं इचं काय काम? इले गेट नंबर दोनलेच लावाचं हाये."

ते म्हणाले, इथे इतकी छान दिसते आहे. काकू म्हणाल्या, पाहुणी म्हणून आली हाये. काम तिकडं हाये तिचं.

संध्याकाळी आवराआवर करताना मी पाहिलं, सुलभाताई फलकासमोर एकट्या उभ्या होत्या, चष्मा वर करून, अगदी जवळ. त्यांनी काकूंना बोलावलं. साडीचा हा करडा रंग बाजारात मिळत नाही, म्हणाल्या, तुम्ही कशात काय मिसळलं? काकूंनी सांगितलं, पांढऱ्यात शेडमधली धूळच मिसळली, कपड्यातून गाळून. मग त्या दोघी अर्धा तास तेल, वाळणं, उन्हात पिवळं पडणं यावर बोलत राहिल्या. मी खुर्च्या मोजत होते. मध्येच सुलभाताईंनी भिंतीवरून अंगठा घासून पाहिला, तेव्हा मी पाठ फिरवली.

सोमवारी फलक गेट पासवर परत आला. त्याच दिवशी मी माझ्या यादीत नवं पान उघडलं आणि खिडकीशी एकेकीला बोलावून अठरा नावं लिहिली, पायाच्या मापासह. माप चार, माप पाच, सुखमतीचं सात. मागणीपत्राला ती यादी जोडून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एक प्रत स्वतःकडे. साहेब म्हणाले, ये नाम कहाँ से आए? मी सांगितलं, खिडकी से. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मीही बघत होते. हेल्मेटं पंधरा दिवसांत आली. बूट उन्हाळा संपता संपता. फलकाचं मात्र 'देख लेंगे'.

दर सोमवारी सकाळी नऊला काकूंचा फोन यायचा. जय भीम झालं की एकच प्रश्न. "लागली का माही बाई?" मी कारणं सांगायची. साहेब दौऱ्यावर आहेत. गेटचं प्लॅस्टर चालू आहे. ऑडिट आहे. त्या ऐकून घ्यायच्या आणि "बरं, सोमवारी करतो फोन" म्हणून ठेवायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, काकू, बूट तर मिळाले ना त्यांना. त्या म्हणाल्या, "बूट झिजतेत वं. मंग कोण म्हणन का इथं बाया होत्या?"

ऑगस्टमध्ये एका सोमवारी फोन आला नाही. मी साडेनऊपर्यंत वाट पाहिली आणि मीच लावला. त्यांच्या मुलीने उचलला. आदल्या दिवशी दुपारी आई जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. शेवटचं काम एका शाळेच्या भिंतीवरचं होतं, अर्धं झालेलं. आम्ही चौघी गेलो. सुखमती आणि तिच्या सोबतच्या आधीच आल्या होत्या, कामाचा दिवस असूनही, अंगणात बूट ओळीने काढून ठेवलेले. आत एका भिंतीला नवा रंग होता. सुलभाताई त्या भिंतीशी उभ्या राहून रडल्या. मी चहाचे कप मोजले. या वेळी बरोबर मोजले.

आता ऑक्टोबर चालू आहे. हे छापून आलं की साहेब वाचतील, किंवा कोणीतरी त्यांना वाचून दाखवेल. मी 'देख लेंगे'ची वाट पाहणं सोडलं आहे. उरलेलं काम येणेप्रमाणे: गेट नंबर दोनच्या डाव्या खांबाजवळ, जमिनीपासून दोन फुटांवर जागा मोजून खूण केली आहे. अंगठा घासून पाहिला, प्लॅस्टर पक्कं आहे. बारा एमएमचे चार बोल्ट वायसरसह माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ड्रिल मशीन इलेक्ट्रिकवाल्याकडून सोमवारी मिळेल. सुखमतीने पत्रा धरायचं कबूल केलं आहे.

भोकं पाडायची बाकी आहेत.